बारा नंबरवरचा कब्जा

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत मला ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणतात, आणि ह्या नावाने माझा जीव नकोसा केलाय. कुणाचा प्रिंटर अडकला, मला फोन. कुणाच्या मुलाचा ऑनलाइन फॉर्म पुढे सरकेना, मला फोन. तळमजल्यावरच्या जोशीकाकू तर एकदा मिक्सर घेऊन वर आल्या. “ह्यातही चिप असते म्हणे ना आता,” म्हणाल्या. असते हो काकू, पण मी मिक्सर दुरुस्त करत नाही. मी नोकरीभर कंपायलर लिहिला, आणि कंपायलर म्हणजे काय हे माझ्या सख्ख्या नवऱ्यालाही अजून सांगता येत नाही. “ती सॉफ्टवेअरमध्ये होती,” असं तो लोकांना सांगतो. जशी काही मी एखाद्या गावाला होते.

संपादकबाईंनी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा वर सूचनाही दिली, “सोपं लिहा हं, आमचे वाचक टेक्निकल नाहीत.” ठीक आहे. स्वयंपाकघर तर सगळ्यांकडे आहे ना? तिथूनच सांगते.

माणूस प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. चिपला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिला कळतात बारीकसारीक आज्ञा: हे उचल, त्यात मिळव, तिथे ठेव. माणसाचं लिहिणं ह्या आज्ञांमध्ये उतरवून देतो तो कंपायलर. आता चिप काम करते कुठे, तर ओट्यावर. मुंबईच्या घरातला असतो तसा आखूड ओटा. आमच्या चिपच्या ओट्यावर सोळा भांडी मावायची, आणि ह्या सोळा जागांना रजिस्टर म्हणतात. बाकीचं सामान माळ्यावर, म्हणजे मेमरीत. माळ्यावरचं हवं असेल तर स्टूल ओढा, चढा, काढा, उतरा. वेळ जातो. कुठलं भांडं कधी ओट्यावर आणायचं, त्याचं काम संपल्याबरोबर ती जागा कुणाला द्यायची, कुणाला माळ्यावर पाठवायचं, ह्याला रजिस्टर वाटप म्हणतात. आमच्या कंपायलरमधला हा वाटपाचा भाग मी लिहिला होता. म्हणजे जुना होता एक, पण तो आळशी होता. पहिल्या सात-आठ जागा वापरायचा आणि ओटा भरल्यासारखं करून उठसूट माळ्यावर चढायचा. मी तो पुरता काढून टाकून नवा लिहिला. माझा सोळाच्या सोळा जागा वापरायचा. चांगला होता हो. आजही सांगते, चांगला होता.

आता दुसरी गोष्ट. स्वयंपाक चालू असताना मध्येच तुम्ही जावेला हाक मारता, “ये गं, तेवढ्या पुऱ्या तळून दे.” ह्याला आम्ही फंक्शन कॉल म्हणतो. जाऊ येणार ती त्याच ओट्यावर. मग भांडणं होऊ नयेत म्हणून नियम असतो. ओट्याचा एक भाग तिला मोकळा: तिथे तुमचं काही असेल तर हाक मारण्याआधी तुम्हीच उचलून ठेवा, नंतर कुरकुर नको. उरलेला भागही ती वापरू शकते, पण जाताना तिथलं सगळं होतं तसं ठेवून जायचं. एवढा साधा नियम आहे. जगातले सगळे कंपायलर असला काही ना काही नियम पाळतात, आणि माझ्या नोकरीतला निम्मा वैताग हा नियम न पाळणाऱ्या माणसांचा आहे.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. अंधेरीच्या आमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक गिऱ्हाईक होतं. आमच्या भाषेत एखाद्या आकड्याला ‘ह्याला ओट्यावरच ठेवा’ अशी शिफारस करायची सोय आहे. ह्या गृहस्थांनी प्रोग्रॅममधल्या झाडून सगळ्या आकड्यांना शिफारस लावली आणि वर तक्रार केली की तुमचा कंपायलर शिफारशी मानत नाही. अहो, सगळेच व्हीआयपी असतील तर रांगेत कोण उभं राहणार? चेंबूरच्या एका बाईंच्या फंक्शनने स्वतःलाच हाक मारली होती, आणि थांबायचं कधी हे सांगायला त्या विसरल्या होत्या. जावेने जावेला बोलावलं, तिने तिच्या जावेला, असं करत घर भरलं आणि मशीन बंद पडलं. “तुमची मेमरी लहान आहे,” असं म्हणत त्या माझ्याशी भांडल्या.

पण ही सगळी किरकोळ माणसं. ज्यांच्यामुळे मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली ते मुलुंडचे जयंतभाई.

जयंतभाईंचा लिफ्टचे कंट्रोलर बनवायचा धंदा. कंट्रोलर म्हणजे लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे, कधी वेग कमी करायचा, कुठे थांबायचं, हे ठरवणारा बोर्ड. त्याच्यावरची चिप आमच्या कंपायलरला ओळखीची. त्यांच्याकडे साळवी नावाचा इंजिनियर होता, पस्तिशीतला, सरळ माणूस. एक दिवस त्याचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या नव्या कंपायलरने आमची वाट लावलीय.”

“काय झालं ते सांग आधी.”

“लिफ्ट कधी बरोबर थांबते, कधी वीतभर वर. दार उघडतं आणि पाय ठेवायला जमीन खाली. परवा एक बाई पडता पडता वाचली. सोसायटीने लिफ्ट बंद केली.”

“कुठली सोसायटी?”

“माझीच. विक्रोळीला. जुना बोर्ड जळाला म्हणून मी हौसेने आपला नवा बोर्ड लावला. पहिलाच नग, म्हटलं आपल्याकडेच लावू. आता अख्खी बिल्डिंग मला शिव्या घालतेय. आणि मॅडम, माझे बाबा नवव्या मजल्यावर आहेत. त्यांचं डायलिसिस असतं. दर खेपेला पोरं त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवतायत.”

“दुसरी लिफ्ट नाही?”

“दुसऱ्या लिफ्टला नुसती दारं आहेत. आत बिल्डरने काही बसवलंच नाही.”

जुना कंपायलर पाठवून द्यावा म्हटलं, तर नव्या बोर्डावरची चिप सुधारलेली, तिला जुना चालत नव्हता. आणि जुनी चिप बाजारात मिळत नव्हती. म्हणजे चूक शोधण्यावाचून इलाज नव्हता. मी साळवीला त्याचा सगळा प्रोग्रॅम पाठवायला सांगितला. सगळा आला, एक फाइल सोडून. ती भाईंनी स्वतः लिहिलेली होती, थेट चिपच्या आज्ञांमध्ये, कंपायलरला मध्ये न घेता. मूळ त्यांच्याच कॉम्प्युटरवर. साळवीला नुसता तयार तुकडा मिळायचा, तो प्रोग्रॅमला जोडायचा. “भाई ती कुणाला दाखवत नाहीत,” तो म्हणाला. मी मनात म्हटलं, मग तिथेच पाणी मुरतंय.

तयार तुकडाच मागवून घेतला आणि त्यातल्या आज्ञा एकेक करून वाचायला बसले. लिफ्ट जरा सरकली की सेन्सर चिपला टोचणी देतो. चिप हातातलं काम तिथल्या तिथे थांबवते, टोचणी मोजते, आणि परत आपल्या कामाला लागते. ह्या टोचण्यांच्या मोजणीवरून लिफ्ट कुठे आहे ते कळतं. मोजणारी फाइल भाईंची. म्हणजे ती जाऊ नव्हे, ती बेल न वाजवता घरात शिरणारी शेजारीण. तिला कुणी हाक मारलेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी कुणी काही उचलून ठेवलेलं नसतं. तिने ओट्यावर कशालाही हात लावला तर होतं तसं करून जायचं, हा पहिला नियम.

भाईंच्या शेजारणीने काय केलं होतं? ओट्यावरच्या बाराव्या जागेवर स्वतःची बरणी ठेवली होती. कायमची! येताजाता त्यात एक दाणा टाकायचा, ही तिची मोजणी. जुना कंपायलर आळशी, बाराव्या जागेपर्यंत कधी पोचायचाच नाही, त्यामुळे इतकी वर्षं खपून गेलं. माझा नवा कंपायलर आला, त्याने नियमाप्रमाणे ती बरणी बाजूला काढून ठेवली, तिथे आपली आमटी केली, आणि काम झाल्यावर बरणी जागेवर परत ठेवली. मधल्या वेळात शेजारीण आली की तिचे दाणे बरणीऐवजी माझ्या आमटीत. मोजणी कमी भरायची, लिफ्टला वाटायचं मजला अजून यायचाय, आणि ती वीतभर वर जाऊन थांबायची. शेजारीण नेमकी मधल्या वेळात आली नाही, तर सगळं बरोबर.

मी खुर्चीवरून उठलेच. “अरे, हा काय गाढवपणा!” असं मोठ्याने बोलले, तर पलीकडच्या टेबलावरचा निखिल दचकला. निखिल आमचा मॅनेजर, माझ्याहून बराच लहान, मला सुजाता मॅम म्हणायचा. त्याला सगळं दाखवलं. “म्हणजे आपली चूक नाही,” तो म्हणाला आणि सुटकेचा निःश्वास टाकून जेवायला गेला. मला मात्र चैन पडेना. मोजणी माळ्यावर हलवायची, चार ओळींचं काम. मुलुंडला जाऊन भाईंना सांगायचं की झालं, असं मला वाटलं. मी किती भोळी होते बघा.

भाईंचा गाळा एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना त्यांचीच कपाटं, खोकी, एक मोडकं टेबल. मला आडवं होऊन आत शिरावं लागलं. आत भाई प्रसन्न चेहऱ्याने बसलेले, सत्तरीचे, पांढरा सफारी.

“या बेन, बसा. चा घेणार ना?”

चहा आला. मी कागदावर सोळा चौकटी काढून सगळं समजावून सांगितलं. साळवी शेजारी मान खाली घालून उभा. भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बेन, एक सांगा. बारा नंबर खाली होता की नाय?”

“होता, पण—”

“कोण वापरत होतं?”

“त्या वेळी कोणी नाही, पण भाई—”

“मग? खाली होता, मी ठेवला माझा काउंटर. चोरी केली का? इतकी वर्षं माझा माणूस तिथे राहतो. आता तुम्ही येऊन बोलता, खाली करा. असं कसं चालेल? कब्जा माझा आहे.”

रजिस्टरवर कब्जा! मुंबईत फुटपाथ घेतात, पॅसेज घेतात, गच्ची घेतात, ते मला माहीत होतं. चिपच्या पोटातली जागा बळकावून वर वहिवाटीचा हक्क सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

“भाई, आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की—”

“मॅन्युअल कोण वाचते?”

“मी लिहिते ते!”

“चांगलं लिहिता. पण ती फाइल चालते, बेन. चालत्या फाइलला मी हात लावत नाय. बदललं तुम्ही, नीट पण तुम्हीच करा.”

मीही इरेला पेटले. मुलुंड ते अंधेरी रिक्षात मनातल्या मनात भाईंशी भांडत आले. ऑफिसात निखिलने बिचाऱ्याने सुचवून पाहिलं, “मॅम, त्यांच्यापुरता एक ऑप्शन देऊन टाकू ना, बारा नंबर सोडून द्या म्हणून. कटकट मिटेल.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “आज बारा मागतोय, उद्या अकरा मागेल. नियम आपण पाळतोय, मोडतोय तो, आणि माघार आपण घ्यायची? चार ओळी बदलायला काय धाड भरलीय त्याला?”

मी भाईंना पत्रं लिहिली. दुरुस्त केलेल्या चार ओळी स्वतः लिहून पाठवल्या. उत्तर आलं: “आभार. आमची फाइल बरोबर आहे.” मी परत लिहिलं. त्यांनी परत तेच कळवलं. साळवीने गुपचूप माझ्या ओळी घालून पाहाव्यात, तर त्याच्याकडे मूळ फाइलच नाही.

मग एका सकाळी साळवीचा फोन आला. आवाज बसलेला.

“मॅडम, काल बाबांचं डायलिसिस चुकलं. उचलणारी पोरं कामावर गेली होती. मी एकटा, काय करणार? आज त्यांचे पाय सुजलेत. धापही लागतेय.”

“उद्या तरी नेता येईल ना?”

“नेतो. कसं तरी नेतो.” मग म्हणाला, “तुमचं बरोबर आहे ते मला कळतंय हो मॅडम. भाईंना कळत नाही. पण मध्ये बाप माझा लटकलाय.”

मी फोन ठेवला आणि निखिलला न सांगता सरळ विक्रोळीला गेले. हा भाग माझ्या माहितीचा, माझं लहानपण इथल्याच बैठ्या चाळीत गेलं. आता चाळी जाऊन टॉवर उभे राहिलेत. लिफ्टच्या दाराला दोरी बांधून त्यावर ‘बंद’ लिहिलेला पुठ्ठा लावला होता. नऊ मजले चढले. चौथ्यावर गुडघे बोलायला लागले, सातव्यावर मी पायरीवरच बसले. पाठीवर काही नसताना ही माझी गत, आणि ती पोरं खुर्चीसकट माणूस उतरवत होती.

साळवीचे बाबा कॉटवर उशांना टेकून बसले होते. जुन्या कारखान्यात फोरमन होते. आवाज बारीक झालेला, पण धार शाबूत.

“तुमच्यामुळे लिफ्ट बंद आहे काय?” त्यांनी मला बसूही दिलं नाही.

“नाही काका. मी सांगते ना.” आणि मी ओटा, जाऊ, शेजारीण, बरणी, सगळं सांगितलं. चिडूनच सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

“म्हणजे तुम्ही बरोबर.”

“हो.”

“मग जयंतभाईंना सांगा.”

“सांगितलं.”

“ऐकत नाहीत?”

“नाहीत.”

“मग मी काय करू? खिडकीतून उतरू?”

साळवीच्या बायकोने पाणी आणलं, ते मी गटागट प्यायले. काकांच्या पायाकडे नजर गेली. घोट्याचं हाड दिसत नव्हतं इतके सुजलेले. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, भाईंचा, बिल्डरचा, माझा, सगळ्यांचाच.

जिना उतरताना मात्र एक वेगळीच धास्ती बसली. भाई निदान फोन करून भांडतात तरी. आमचा कंपायलर वापरणारे आणखी कितीतरी लोक आहेत. त्यांच्यातल्या कुणाकुणाला बारावी जागा रिकामी दिसली असेल? कुणाकुणाची बरणी तिथे असेल? ते लिफ्ट बनवतात, की पंप, की दवाखान्यातलं काही, मला काय माहीत? ते भांडायला येणार नाहीत. त्यांच्याकडे काही तरी बिघडेल आणि का बिघडलं ते कुणाला कळणारही नाही. मी मॅन्युअल घेऊन बरोबर ठरेन, पण ठरून करू काय?

दुसऱ्या दिवशी मी निखिलसमोर बसले आणि म्हटलं, “बारा नंबर सोडून देऊ. भाईंपुरता नाही, सगळ्यांसाठी. कंपायलरने त्याला हातच लावायचा नाही.”

“मॅम, तुम्हीच म्हणाला होतात ना की—”

“म्हणाले होते. आता हे म्हणतेय.”

“पण तुमचं काम आहे ते. सगळे सोळा वापरतो म्हणून आपण जाहिरात केलीय. वेग कमी येईल.”

“येऊ दे.”

वाटपाच्या यादीतून बारा काढून टाकणं हे एका ओळीचं काम. मीच केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. खूप जीव तुटला, लपवत नाही. इतक्या निगुतीने लावलेला ओटा, आणि त्यातली एक चांगली जागा मुलुंडच्या एका अडेलतट्टू म्हाताऱ्यापायी कायमची ओस. आजही त्या चिपसाठी कुणीही काहीही लिहिलं तरी बारावी जागा रिकामी राहते. नवे इंजिनियर ‘हे असं का’ म्हणून डोकं खाजवतात असं ऐकते.

भाईंनी पेढ्यांचा खोका पाठवला. सोबत निरोप, “बेन समजदार आहेत.” खोका मी निखिलच्या टेबलावर आदळला. पेढे चांगले होते असं तो म्हणाला.

साळवीने नवा प्रोग्रॅम चढवला, लिफ्ट दिवसभर रिकामी वरखाली फिरवली, तपासणीवाल्यांना बोलावून दाखवली. मग म्हणाला, “मॅडम, बाबांना पहिल्यांदा उतरवताना तुम्ही या.” लिफ्टने वर गेले ती कठडा घट्ट धरून. आमच्या घरी नवस-सायास नाहीत, नाहीतर त्या दिवशी बोलले असते.

नवव्या मजल्यावर दार उघडलं. साळवीने खाली वाकून उंबऱ्यावर तळवा फिरवला आणि उठताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. काकांची चाकाची खुर्ची कुठेही न अडखळता आत आली. शेजारी माझी जागा. दार बंद व्हायच्या आत काकांनी मान वर केली.

“इतके दिवस काय चाललं होतं तुमचं?”

“भांडण, काका.”

“जयंतभाईंशीच ना?”

“हो, त्यांच्याशीच.”

“कोण जिंकलं?”

साळवी छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, “ते जिंकले. मी हरले.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “दाबा तळमजला.”